पुलावरचा रियाज

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

न्यूयॉर्कमध्ये मॅनहटन आणि ब्रुकलिन या दोन भागांना जोडणारा विल्यम्सबर्ग नावाचा एक लोखंडी पूल आहे. १९०३ साली तो वाहतुकीला खुला झाला. त्यावरून मोटारी जातात, आगगाड्या धडधडतात आणि खालच्या ईस्ट नदीतून बोटी भोंगे वाजवत जातात. १९५९ ते १९६१ अशी दोन वर्षं या पुलाच्या पायवाटेवर एक उंचापुरा कृष्णवर्णीय माणूस सॅक्सोफोन वाजवत उभा असायचा. ऊन असो, पाऊस असो, बोटं आखडून टाकणारी थंडी असो. कधी कधी दिवसाचे पंधरा-सोळा तास. त्याच्यापुढे उलटी टोपी नसायची, कुणी पैसे टाकावेत अशी अपेक्षाही नसायची. येणारे-जाणारे क्षणभर बघत आणि पुढे जात. फार थोड्यांना ठाऊक होतं, की हा माणूस म्हणजे जॅझ संगीतातल्या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या टेनर सॅक्सोफोनवादकांपैकी एक आहे. त्याचं नाव सनी रॉलिन्स.

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, कार्यक्रमांची आमंत्रणं दारात उभी असताना, हा माणूस रंगमंच सोडून पुलावर का गेला आणि पुढे आपल्या मुंबईत पवईच्या तळ्याजवळ कशासाठी आला, हे मला आज सांगायचं आहे.

आता करकंबच्या माणसाला जॅझशी काय घेणं, असं कुणीही विचारेल आणि विचारणाऱ्याचं काही चुकणार नाही. पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरचं आमचं गाव. आषाढीला त्र्यंबकेश्वरहून येणारी निवृत्तिनाथांची पालखी आमच्याकडून जाते. टाळ, मृदंग, वीणा आणि लग्नसराईतला बँड एवढीच आमच्या कानांची श्रीमंती. पण त्या बँडमध्येच या गोष्टीचं मूळ आहे. माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवत. चार महिने लग्नं, बाकी वर्षभर शेती. एके वर्षी बँडमालकाने कुठून तरी जुना, पोचे आलेला सॅक्सोफोन आणला आणि क्लॅरिनेटवाल्यालाच तो जमेल म्हणून अण्णांच्या गळ्यात अडकवला. खरोखरच अडकवला, कारण हे वाद्य गळ्यातल्या पट्ट्याला लटकवूनच वाजवतात. घरात वाजवलं की शेजारपाजारचे कुरकुरत, गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची असं काकू म्हणायची. म्हणून अण्णा संध्याकाळी ओढ्याकाठी जाऊन बसत.

अण्णांकडे मर्फीचा रेडिओ होता. १९७४-७५ साली, शाळेत असताना, रात्री शॉर्टवेव्हवर काटा फिरवताना मला ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ सापडलं. विलिस कॉनोव्हर नावाचे गृहस्थ तिथे १९५५ पासून जॅझचा कार्यक्रम सादर करत. आवाज खर्जातला आणि इंग्रजी इतकं सावकाश, इतकं स्वच्छ, की आमच्या शाळेतल्या इंग्रजीवरसुद्धा निम्मं समजायचं. त्या कार्यक्रमात एका रात्री ‘सेंट थॉमस’ ही रचना लागली. अण्णा अंथरुणावरून उठून बसले. संपल्यावर म्हणाले, “ह्यो गडी चाल सोडत न्हाय बघ. कुठं बी हिंडून येतोय, पण हातातली चाल सोडत न्हाय.”

पुष्कळ वर्षांनी मी रॉलिन्सविषयी वाचायला लागलो, तेव्हा कळलं की गुंथर शुलर नावाच्या मोठ्या अमेरिकन संगीतज्ञाने १९५८ साली एक गाजलेला लेख लिहून नेमकं हेच म्हटलं होतं. बाकीचे वादक सुरावटीचा सांगाडा घेऊन त्यावर आयत्या वेळी सुचेल ते वाजवतात. रॉलिन्स मात्र मूळ चालीतलाच एखादा तुकडा उचलतो, तो उलटसुलट करतो, फुगवतो, आखडतो आणि त्यातूनच सगळी इमारत उभी करतो. आपल्याकडे बंदिशीचा मुखडा धरून बढत करणारे गवई असतात, तसं. गंमत अशी, की तो लेख वाचून रॉलिन्स इतका अवघडून गेला, की यापुढे स्वतःवरची परीक्षणं वाचायचीच नाहीत असं त्याने ठरवलं. आपण काय करतो हे दुसऱ्याने समजावून सांगितलं, की ते सहज करणं अवघड होतं. हा अनुभव केवळ कलावंतांचाच आहे असं नाही.

सॅक्सोफोन हे वाद्य तसं तरुण. बेल्जियममध्ये जन्मलेल्या ॲडॉल्फ सॅक्स या कारागिराने ते १८४० च्या सुमारास घडवलं आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं, पण तोंडाशी क्लॅरिनेटसारखी बोरूची पत्ती; म्हणून जाणकार त्याला क्लॅरिनेट-बासरीच्या घराण्यात बसवतात. लष्करी बँडमध्ये ते रुळलं, युरोपच्या अभिजात वाद्यवृंदाने मात्र त्याला उंबऱ्यातच ठेवलं. त्याला घरात घेतलं ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी. कोलमन हॉकिन्स या वादकाने विसाच्या-तिसाच्या दशकांत टेनर सॅक्सोफोनला एकट्याने बोलायला शिकवलं. १९३९ साली त्याने केलेली ‘बॉडी अँड सोल’ची ध्वनिमुद्रिका घराघरांत वाजली. त्या वेळी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत एक नऊ वर्षांचा मुलगा ती ऐकत होता.

सनीचा जन्म ७ सप्टेंबर १९३० चा, हार्लेममधला. आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवरून आलेले. वडील नौदलात, त्यामुळे बराच काळ घराबाहेर. थोरला भाऊ व्हायोलिन शिकत होता, बहीण पियानो. सनीला मात्र लुई जॉर्डन या लोकप्रिय वादकाच्या फोटोतला चकचकीत सॅक्सोफोन हवा होता. सात-आठ वर्षांचा असताना आईने तो घेऊन दिला आणि पोरगं खोलीचं दार लावून बसलं. जेवायला हाका माराव्या लागत.

त्याच्यावर कुणाकुणाचा प्रभाव पडला हे सांगायचं तर यादी लांबेल. पण यातल्या प्रत्येक माणसाकडून त्याने वेगळी गोष्ट घेतली, म्हणून ती सांगण्यासारखी आहे. हॉकिन्सकडून नादाचा भरदारपणा घेतला. हॉकिन्स जवळच राहायचा. त्याच्या दाराच्या पायऱ्यांवर सनी फोटो हातात धरून सहीसाठी ताटकळला होता. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याने ऑल्टो सोडून टेनर सॅक्सोफोन हाती घेतला तो याच माणसामुळे. थेलोनियस मंक हा विक्षिप्त वाटणारा, पण विलक्षण पियानोवादक त्याला शाळा सुटल्यावर घरी तालमीला बसवून घेई. दोन स्वरांमधली रिकामी जागासुद्धा वाजवता येते, हे त्याच्याकडून. आणि आईकडून? आई लहानपणी त्याला बेटांवरची गाणी म्हणून दाखवायची. त्यातलीच एक चाल म्हणजे अण्णांना उठून बसवणारं ‘सेंट थॉमस’. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांची चाल एखाद्या मोठ्या गवयाच्या गळ्यातून यावी, तसा हा प्रकार.

आणि सर्वांत मोठा, सर्वांत घातक प्रभाव चार्ली पार्करचा. पार्करने चाळिशीच्या दशकात जॅझची बोलीच बदलून टाकली. पण तो हेरॉइनच्या आहारी गेलेला होता आणि त्याच्या मागे धावणाऱ्या पोरांनी त्याच्या सुरांबरोबर त्याची सुईही उचलली. सनी त्यातलाच. १९५० साली सशस्त्र दरोड्याच्या गुन्ह्यात तो पकडला गेला आणि रायकर्स बेटावरच्या तुरुंगात दहा महिने राहिला. सुटल्यावरही व्यसन सुटलं नाही.

१९५३ च्या जानेवारीत माइल्स डेव्हिसच्या एका ध्वनिमुद्रणात सनी आणि पार्कर एकत्र आले. पार्करने त्याला विचारलं, अजून घेतोस का? सनी खोटं बोलला. नाही म्हणाला. थोड्या वेळाने तिथल्याच कुणीतरी सहज बोलता बोलता खरं सांगून टाकलं. पार्करचा पडलेला चेहरा सनी आयुष्यभर विसरला नाही. आपली नक्कल करताना पोरं मरताहेत, हे त्या माणसाला कळत होतं आणि स्वतःला मात्र सावरता येत नव्हतं. सनीने ठरवलं की यातून बाहेर पडायचं. केंटकी राज्यात लेक्सिंग्टन इथे व्यसनमुक्तीसाठी सरकारी रुग्णालय होतं, तिथे तो स्वतःहून दाखल झाला. मी सुटलो, हे पार्करला जाऊन सांगायचं त्याच्या मनात होतं. पण १२ मार्च १९५५ रोजी, सनी तिथेच असताना, पार्कर गेला. वय अवघं चौतीस.

लेक्सिंग्टनहून बाहेर पडल्यावर सनी शिकागोत राहिला. तिथे त्याने झाडलोट केली, माल चढवण्या-उतरवण्याची कामं केली. ज्या क्लबांत जुने सोबती सुई घेऊन भेटतील तिथे बरेच दिवस पाऊल टाकलं नाही. मला त्याच्या सगळ्या चरित्रात हा भाग फार मोलाचा वाटतो, जरी त्या काळात त्याने एकही ध्वनिमुद्रिका केलेली नाही. १९५५ च्या अखेरीस तो क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांच्या चमूत आला. ट्रम्पेटवादक ब्राउन हा निर्व्यसनी, सौम्य, गणिताची आवड असलेला मुलगा. असं राहूनही असं वाजवता येतं, याचा जिवंत पुरावाच सनीला मिळाला. २२ जून १९५६ रोजी त्याने ‘सॅक्सोफोन कलोसस’ ही आपली सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिका केली. ‘सेंट थॉमस’ त्यातलंच. चार दिवसांनी, २६ जूनला, ब्राउन मोटार अपघातात गेला. तो पंचवीस वर्षांचा होता.

पुढची तीन वर्षं सनीचीच होती. पियानोची साथ त्याने काढून टाकली. फक्त डबलबेस आणि ड्रम घेऊन तो वाजवू लागला. आपल्या गवयाने पेटी बाजूला सारून नुसत्या तानपुऱ्या-तबल्यावर गावं, तसं. मोकळीक भरपूर, पण आधाराला काही नाही. १९५८ साली ‘फ्रीडम सूट’ ही एकोणीस-वीस मिनिटांची रचना त्याने मुद्रित केली आणि वेष्टनावर चार ओळी लिहिल्या. अमेरिकेची बोली, विनोद, संगीत हे सारं ज्या कृष्णवर्णीयांच्या संस्कृतीवर पोसलं गेलं, त्यांनाच इथे छळलं जातं, असा त्यांचा आशय. नागरी हक्कांच्या चळवळीची पहिली धग लागत होती. एखाद्या वादकाने असं उघडपणे म्हणणं तेव्हा सोपं नव्हतं.

आणि मग १९५९ साली त्याने वाजवणं थांबवलं. म्हणजे लोकांपुढे वाजवणं.

कारण त्याने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं. नाव वाढत होतं, पण वाजवणं त्या नावाला पुरं पडत नाही असं त्याला वाटत होतं. लोक मोठ्या आशेने येतात आणि आपण त्यांना फसवतो. लोकांनी वर चढवायचं आणि आपण तिथून पडायचं, हे त्याला नको होतं. जवळच्यांना हे पटलं नाही. टाळ्या पडताहेत, ध्वनिमुद्रिका खपताहेत, मग खोट कुठे आहे? खोट त्याच्या कानाला ऐकू येत होती. इथे मला कुमार गंधर्वांची आठवण होते. १९४७ ते १९५२ या काळात क्षयरोगाने त्यांचं गाणं बंद पाडलं आणि देवासच्या त्या अंथरुणावर माळव्याची लोकगीतं ऐकता ऐकता नवे कुमार घडले. पण कुमारांवर मौन लादलं गेलं होतं. रॉलिन्सने ते मागून घेतलं.

घर मॅनहटनच्या लोअर ईस्ट साइड भागात, भिंतीला भिंत लागून. शेजारी एक बाई गरोदर होती. तिला त्रास नको म्हणून त्याला घरात मोकळेपणी फुंकता येईना. एक दिवस फिरता फिरता तो पुलावर चढला आणि जागा सापडली. आगगाडीच्या धडधडाटात कितीही जोरात वाजवा, कोण हटकणार? खालच्या बोटींनी भोंगा दिला की तो त्याच पट्टीत उत्तर द्यायचा. स्टीव्ह लेसी नावाचा आणखी एक सॅक्सोफोनवादक कधी कधी सोबतीला यायचा. त्याने सिगारेट कमी केली, व्यायाम सुरू केला, पुस्तकं वाचली. १९६१ साली एका मासिकाच्या लेखकाने त्याला पुलावर गाठून लेख लिहिला आणि त्याचा एकांत राहावा म्हणून नाव-गाव बदललं. सभ्य गृहस्थ म्हणायचा.

अशा गोष्टी सांगताना पुलावरचा माणूस सगळ्यांना दिसतो, घर कोण चालवत होतं ते दिसत नाही. ल्यूसिल ही त्याची सहचारिणी. १९६५ साली त्यांनी लग्न केलं. त्या दोन वर्षांत ती नोकरी करत होती आणि त्या पगारावर दोघांचं पोट भरत होतं. पुढे त्याचे करार-मदार, दौरे, ध्वनिमुद्रणं हे सगळं तिनेच सांभाळलं. आमच्या अण्णांचा ओढ्याकाठचा रियाज चालायचा तेव्हा धारा काकूच काढत होती, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

१९६१ च्या नोव्हेंबरात सनी परतला आणि १९६२ साली ध्वनिमुद्रिका आली, तिचं नावच ‘द ब्रिज’. त्यात पियानोऐवजी जिम हॉलची मऊ गिटार होती. पण समीक्षकांचा विरस झाला. दोन वर्षांत दुनिया पुढे गेली होती. त्याचा मित्र आणि लोकांनी मानलेला प्रतिस्पर्धी जॉन कोल्ट्रेन वेगळ्याच वाटेवर होता. ऑर्नेट कोलमनने चौकटीच मोडल्या होत्या. इतके दिवस पुलावर राहून हेच का, असा सूर निघाला. माझं मत विचाराल तर, मला त्या ध्वनिमुद्रिकेत पूर्वीपेक्षा घाई कमी झालेली ऐकू येते. नवीन शोध लावायला तो पुलावर गेलाच नव्हता. आपल्या कानाला पटेल असं वाजवता यावं म्हणून गेला होता, आणि दुसऱ्यांना त्यातला फरक मोजता येईलच असं नाही. १९६३ साली त्याने ज्याच्या पायऱ्यांवर लहानपणी ताटकळला, त्या हॉकिन्सबरोबर एक ध्वनिमुद्रिका केली. तीत तो गुरूची नक्कल करत नाही. उलट मुद्दाम इतका वाकडातिकडा जातो, की म्हाताऱ्याला पेच पडावा. म्हाताराही काही कमी नव्हता.

आता मुंबई.

मुंबईला जॅझ नवं नव्हतं. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला आणि त्यांचं वाजवणं ऐकून इथल्या वादकांचे कान उघडले. गोव्याच्या चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी शिकून आलेल्या पोरांनी ही भाषा भराभर उचलली. सॅक्सोफोनवादक मिकी कोरिया यांचा बँड ताजमध्ये सुमारे दोन दशकं वाजत होता. आल्दोन्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांकडे, म्हणजे सी. रामचंद्रांकडे आला आणि भगवानदादांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त जॅझचा ठेका मराठी माणसाच्या पायापर्यंत पोचला. अण्णा लग्नाच्या वरातीत ‘रूप तेरा मस्ताना’ वाजवत. त्या १९६९ च्या गाण्यातला सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. मनोहारीदा कलकत्त्याहून मुंबईत आलेले. सांगायचं इतकंच, की आमच्या वरातीत जे वाजायचं त्याला आम्ही जॅझ म्हणत नव्हतो, पण त्याची सोयरीक तिकडचीच होती.

रॉलिन्स मुंबईत आला तो मात्र यातल्या कुणासाठी नव्हे. साठच्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा एकदा थकला होता. १९६६ नंतर त्याची नवी ध्वनिमुद्रिका आली ती थेट १९७२ साली. जॅझची जागा रॉक संगीताने घेतली होती, क्लब बंद पडत होते. धंद्यातल्या दलालांचा त्याला वीट आला होता. परमहंस योगानंदांचं ‘योगी कथामृत’ त्याने वाचलेलं होतं, योगासनं करत होता. तो एकटाच भारतात आला आणि पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या सांदीपनी साधनालयात काही महिने राहिला. १९६३ साली सुरू झालेलं हे साधनालय. आजची पवई बघून त्या काळच्या पवईची कल्पना यायची नाही. टेकड्या, तळं, झाडी. या शांततेत हा सहा फुटांहून उंच वादक गीता आणि वेदान्त शिकत होता.

पण ध्यान त्याला जमेना. मांडी घालून बसलं की मन भरकटायचं. इतक्या लांबून त्यासाठीच आलो आणि तेच येत नाही, असं त्याने स्वामींजवळ कबूल केलं. स्वामी म्हणाले, तू वाजवतोस तेव्हा तू ध्यानच करत असतोस. रॉलिन्सने हा प्रसंग नंतर पुष्कळदा सांगितला आहे.

हे उत्तर त्याला केवढं मोठं वाटलं असेल! आमच्या भागातल्या माणसाला मात्र ते घरचंच वाटतं. सावता माळ्याचं अरण हे गाव करकंबहून फार दूर नाही. मळा सोडून सावतोबा पंढरीला गेले नाहीत. भाजीच्या वाफ्यातच त्यांना विठ्ठल भेटला, असं आमच्याकडे पोरंसोरंही सांगतात. फरक असा, की सावतोबांना ते कुणी सांगावं लागलं नाही. रॉलिन्सला न्यूयॉर्कहून पवईला यावं लागलं आणि पवईने त्याला पुन्हा पुलावरच आणून सोडलं.

१९७८ साली निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली. धोबी तलावाच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली. देशोदेशींचे वादक आले, त्यांत रॉलिन्स होता. मी तेव्हा पंढरपुरात कॉलेजला होतो. मुंबईचं भाडं आणि तिकीट यांचा हिशेब जमला नाही, त्यामुळे ती मैफल माझ्या वाट्याला वर्तमानपत्रातून आली.

पुढच्या काळातली त्याची ध्वनिमुद्रणं मला सारखीच आवडतात असं नाही. स्टुडिओत तो जखडल्यासारखा वाजवायचा. प्रत्यक्ष मैफलीत साथीदार थांबून बघत राहतील असा दहा-दहा मिनिटं एकटाच सुटायचा. १९८१ साली त्याने ‘रोलिंग स्टोन्स’ या प्रचंड लोकप्रिय रॉक मंडळींच्या ध्वनिमुद्रिकेतही वाजवलं. ज्यांनी जॅझचा बाजार उठवला त्यांच्याच घरी जाऊन वाजवून आला म्हणायचं.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे कोसळले, तेव्हा त्याची राहती इमारत तिथून सहा चौक अंतरावर होती. तो एकाहत्तर वर्षांचा होता. इमारत रिकामी करताना तो हातात फक्त सॅक्सोफोन घेऊन जिने उतरला. चार दिवसांनी बोस्टनमध्ये कार्यक्रम होता. रद्द करू या म्हणाला. ल्यूसिलने ऐकलं नाही, वाजवायलाच हवं म्हणाली. त्या रात्रीचं वादन २००५ साली ध्वनिमुद्रिका म्हणून आलं आणि त्यातल्या एका रचनेला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. ल्यूसिल तोवर राहिली नव्हती. २००४ मध्ये ती गेली. २०११ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते त्याला राष्ट्रीय कलापदक मिळालं.

आणि मग फुप्फुसं गेली. पल्मनरी फायब्रोसिस नावाच्या आजारात फुप्फुसांची लवचीकता जाते, श्वास पुरत नाही. २०१२ साली त्याचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला आणि २०१४ पासून घरीसुद्धा वाजवणं थांबलं. वाजवणं हेच ज्याचं ध्यान, त्याच्याकडून नेमकं तेच काढून घेतलं गेलं. सुरुवातीला फार जड गेलं, असं त्याने सांगितलं आहे. नंतर मात्र, मला आयुष्यभर हे करायला मिळालं, आता तक्रार कशाची करू, असं तो म्हणू लागला. हे म्हणायला किती दिवस गेले असतील ते त्याचं त्यालाच ठाऊक. अण्णांचे पुढचे दात पडले तेव्हा त्यांचा सॅक्सोफोन सुटला, कारण दातांशिवाय पत्तीवर पकड बसत नाही. पण संध्याकाळी हरिपाठाला बसले, की त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर चाव्या दाबत राहत. काकू डोळ्यांनी खुणावायची.

रॉलिन्सची कागदपत्रं २०१७ साली हार्लेममधल्या शॉम्बर्ग केंद्राने घेतली. ज्या वस्तीत त्याचा जन्म झाला, तिथलंच हे ग्रंथालय. त्यांतल्या वह्यांमधला निवडक मजकूर २०२४ साली पुस्तकरूपाने छापला गेला. पुलावरच्या दिवसांपासून तो या वह्या लिहीत होता. त्यात तत्त्वज्ञान आहे, खाण्यापिण्याचे नियम आहेत, सिगारेट सोडण्याचे निश्चय आहेत. पण पानंच्या पानं भरली आहेत ती श्वास कुठून घ्यावा, ओठ किती दाबावेत आणि कुठला स्वर कुठल्या बोटाने वाजवून पाहावा, याच्या नोंदींनी.